गोल्फच्या कपड्यांची घडी

शनिवारी दुपारी योगेश कामावरून घरी आला, त्याने कपाट उघडले आणि तो तसाच उभा राहिला. हँगर जागच्या जागी होता. हँगरवरचे कपडे नव्हते.

तेजस्विनी शाळेत पेपर तपासायला गेली होती, त्यामुळे बायकोवर संशय घ्यायची सोय नव्हती. त्याने वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, इस्त्रीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. मग तो हॉलमध्ये आला. तिथे त्याची आई लंकाबाई ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन, एसटी स्टँडवर बसावे तशी खुर्चीच्या कडेला बसली होती. तिला सायखेड्याला जायचे होते. तिच्या भावाच्या, नाथाच्या मुलीची, यशश्रीची, आज सुपारी फुटणार होती. योगेश आईला तिथे सोडून लगेच परत येणार होता.

“आई, माझे गोल्फचे कपडे कुठेत?”

“ते व्हय? नाथानं नेले सकाळी,” लंकाबाई शांतपणे म्हणाली. “घडी मोडायला मीच दिले.”

योगेश सोफ्यावर बसला.

घडी मोडणे ही त्यांच्या घरची जुनी रीत. नवी साडी आपण आधी नेसायची नाही. जिच्यावर आपला जीव आहे तिला आधी द्यायची, तिने घडी मोडली की मग आपण नेसायची. बाकीच्या घरांत ही रीत साड्यांपाशी थांबते. लंकाबाईने ती कुठेच थांबू दिली नव्हती. योगेशच्या लग्नातल्या सुटाची घडी त्याच्या मेहुण्याने कुणाच्या तरी बारशात मोडली होती आणि त्याच्या रेनकोटची घडी सोसायटीच्या वॉचमनने ऐन एप्रिलमध्ये.

“पण मला ते उद्या सकाळी लागणारेत.”

“म्हणून तर दिले. तुझं उद्याचं काम मोठं हाय म्हणतोस ना? मग घडी कुठंतरी शुभ कामात मोडायला नको? पोरीच्या सुपारीपरीस शुभ काय असतं?”

योगेशने या बोलण्यात फट शोधून पाहिली. ती सापडली नाही, कारण लंकाबाईच्या बोलण्यात फट असती तर त्याच्या वडिलांनी ती हयातीतच शोधली असती.

उद्याचे काम खरोखरच मोठे होते. सातपूरच्या ज्या कारखान्यात योगेश खरेदी विभागात होता, तिथे धवल सर नावाचे नवे साहेब आले होते. ते दर रविवारी एकेका माणसाला शहराबाहेरच्या गोल्फ कोर्सवर बोलवत. कशासाठी बोलवत ते सांगत नसत. पण कँटीनमध्ये कुणी काही सांगायची वाट बघत नाही. कंपनी नांदगावकडे नवा कारखाना काढत होती आणि तिथे कुणाला पाठवायचे हे साहेब गोल्फ खेळता खेळता ठरवतात, असा शोध कँटीनने लावला होता. जो रुबाबदार दिसेल, साहेबांच्या पंक्तीला शोभेल, तो नाशकात राहणार. जो शोभणार नाही, तो नांदगावला जाणार.

नांदगावबद्दल योगेशचे मत वाईट नव्हते. त्याने ते रेल्वेच्या खिडकीतून पाहिले होते आणि तेवढे पुरे आहे असे त्याला वाटले होते. त्याचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला होता, तेजस्विनीची नोकरी नाशकात होती, रविवारची मिसळ नाशकात होती. त्याला कुठेही जायचे नव्हते.

गोल्फबद्दल मात्र त्याचे ज्ञान बेताचे होते. नाशिककराला गोल्फ क्लब म्हटले की मैदान आठवते. योगेश तिथे कितीतरी वर्षे चालायला गेला होता. तिथे त्याने क्रिकेट पाहिले, प्रदर्शने पाहिली, घाम गाळणारे वकील पाहिले. गोल्फ तेवढा पाहिला नव्हता. साहेबांच्या निरोपात नियम होता: कॉलरचा टीशर्ट हवा, जीन्स नको. कॉलेज रोडच्या दुकानात त्याने एवढेच सांगितले आणि दुकानातल्या मुलीने त्याच्यापुढे एक आकाशी टीशर्ट आणि बिस्किटी रंगाची पँट ठेवली. कापड चारी बाजूंनी ताणले जाते, पाणी अंगाला लागू देत नाही, डाग धरत नाही, असे ती म्हणाली. पँटला एक चिमुकला जादा खिसा होता आणि कमरेला एक कडी होती. “सर, हे कोर्सवर पण चालतं आणि बाहेर पण. मीटिंग, डिनर, प्रवास, कुठेही घाला.” सोबत पांढरी टोपी होती आणि हातमोजा होता. हातमोजा एकच होता. योगेशने दुसरा मागितला, तेव्हा गोल्फमध्ये एकच घालतात असे ती म्हणाली. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने मॅनेजरला बोलावून खात्री करून घेतली.

ते सगळे आता नाथामामाच्या अंगावर सायखेड्यात होते.

“चल,” योगेश उठत म्हणाला. तो कंपनीतून आला होता तसाच, जीन्स आणि गोल गळ्याच्या टीशर्टवर निघाला. शनिवारी कंपनीत हे चालायचे. आता सायखेड्याला जायचे, मामाकडून कपडे घ्यायचे आणि परत यायचे, एवढेच काम होते. गाडीत लंकाबाई म्हणाली की, बरे झाले, नाहीतर तू दारातूनच पळाला असतास, बहिणीच्या सुपारीला थांबायला लोकांना सांगावे लागत नाही. योगेशने गाडीचा वेग वाढवला.

नाथामामाच्या अंगणात मांडव होता आणि मांडवात बैठक बसली होती. गांधी टोप्यांच्या रांगेत एक चोचीची पांढरी टोपी योगेशला लांबूनच दिसली. मामा त्याच्यापेक्षा वीतभर उंच, अंगाने काटक. पण दुकानातली मुलगी खोटे बोलली नव्हती. कापडाने मामाला सामावून घेतले होते. आकाशी टीशर्ट, बिस्किटी पँट आणि डाव्या हातात तो मोजा घालून मामा असा बसला होता की, क्षणभर योगेशलाच वाटले, हे आपल्यापेक्षा यालाच शोभतेय. त्याला या विचाराचा रागही आला.

मामाभोवती गर्दी होती. गर्दीच्या मधोमध नवऱ्या मुलाचे वडील मोतीराम अण्णा बसले होते. नांदगावकडची कांद्याची जुनी व्यापारी असामी. शुभ्र नेहरू शर्ट, शुभ्र पायजमा, आणि नजर अशी की पोते न उघडता आतला कांदा सांगावा. अण्णांचा स्वभाव एकाच शब्दात सांगायचा तर चौकस. मुलगी त्यांनी पाच मिनिटांत पसंत केली होती. पण मामाच्या पँटपाशी ते अडले होते.

“हा बारका खिसा कशापायी?” त्यांनी विचारले.

“चुन्याची डबी,” मामा म्हणाला आणि डबी काढून दाखवली. ती तिथे मापून केल्यासारखी बसत होती.

कमरेच्या कडीत मामाने पंपाच्या खोलीची किल्ली अडकवली होती. अण्णांनी ती हलवून पाहिली आणि मान डोलावली. मग त्यांची नजर मोज्यावर गेली. एकाच हाताला का, असे त्यांनी विचारल्यावर बैठक पुढे सरकली, कारण हा प्रश्न सकाळपासून सगळ्यांच्याच मनात होता. मामाने जरा विचार केला.

“दुसऱ्या हातानं तंबाखू मळायची असती,” तो म्हणाला.

म्हाताऱ्या मंडळींना हे एकदम पटले. कुणीतरी म्हणाले की, कंपनीवाल्यांनी डोके चालवलेय. योगेश मांडवाच्या खांबाला टेकून हे ऐकत होता. गोल्फवाल्यांनी एवढा खर्च करून कपडे शिवले आणि त्यातला एकेक खिसा सायखेड्याने बिनचूक कामाला लावला होता. याचे कौतुक करावे की रडावे, हे त्याला ठरवता येईना.

मग मामाने सांगितले की, याला पाणी लागत नाही, आणि तिथे घोटाळा झाला. अण्णांचा यावर विश्वास बसला नाही. त्यांनी तांब्या मागवला आणि मामाच्या गुडघ्यावर धार धरली. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले. बैठकीतून हुंकार आला. अण्णा म्हणाले, पाण्याचे ठीक आहे, चहाचे काय? चहाही घरंगळला. मग एका आजोबांनी गोड्या तेलाबद्दल शंका काढली. मुहूर्त टळतोय असे भटजी दोनदा म्हणाले, पण तेही म्हणता म्हणता गुडघ्याकडेच पाहत होते.

योगेशने मामाला डोळ्याने खुणावले आणि आत ओसरीवर नेले.

“मामा, ते कपडे मला द्या. तुम्ही माझे घाला, नाहीतर तुमचे घाला. पण आत्ता द्या. तेल आणायला गेलेत ते.”

नाथामामा भला माणूस. योगेश नाशकात शिकायला होता तेव्हा दर आठवड्याला सायकलवरून भाजीची पिशवी घेऊन येणारा, आणि पिशवीत भाजीखाली भाच्यासाठी काहीतरी गोड ठेवणारा. त्याने लगेच टोपी काढली, मोजा काढला आणि टीशर्टला हात घातला.

“थांब नाथा,” लंकाबाई दारात उभी होती. “शुभ कामाला बसलेला माणूस मधीच कपडे बदलत नाय. अपशकून हाय. अन् लोक काय म्हणतील? मागून आणले व्हते, मालक आला, उतरवून घेतले.”

मामाचा हात तसाच राहिला. तिच्या मागे यशश्री उभी होती, हिरव्या साडीत, घाबरलेली. ती योगेशपेक्षा खूप लहान. त्याने तिला कडेवर घेऊन गोदावरीच्या पुलावर पाणी दाखवायला नेले होते.

“दादा, आजच्या दिवस राहू दे ना,” ती हळूच म्हणाली. “ते लोक लय लांबचे हायेत. पपांकडं बघून हसायला नको कुणी.”

योगेशला स्वतःची लाज वाटली. त्याने टोपी मामाच्या डोक्यावर परत ठेवली, मोजा हातात चढवून दिला आणि म्हणाला, “मामा, चला. मुहूर्त जातोय.”

सुपारी फुटली. यशश्रीला साडी दिली, नवरा मुलगा रविराज याला पोशाख दिला, पाहुण्यांना टॉवेल-टोपी झाली. मग दोन्ही व्याही एकमेकांना भेटले, गुलाल उधळला. आकाशी टीशर्टवरचा गुलाल मामाने झटकला आणि तोही निघून गेला. अण्णांच्या शुभ्र शर्टावरचा मात्र तसाच राहिला. अण्णांनी आधी आपल्या छातीकडे पाहिले, मग मामाच्या. त्यांना राहवेना.

“पाव्हणं, कुठून घेतला हा पोशाख?”

आता मामाला खोटे बोलता आले असते. ते त्याला कधीच जमले नव्हते. “माझा नाय,” तो म्हणाला. “भाच्याचा हाय. अक्कांनी घडी मोडायला दिला.”

यशश्रीने डोळे मिटून घेतले. पण अण्णांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. उलट मालाचा मूळ धनी सापडल्यावर होतो तसा आनंद होता. ते तडक योगेशपुढे येऊन बसले.

“साहेब, मग तुम्ही सांगा. हा कशाला घालतात?”

“गोल्फ खेळायला, अण्णा.”

“त्यात काय असतं?”

“काठीनं चेंडू मारायचा. लांब एक भोक असतं, त्यात घालायचा.”

“पडला भोकात. मग?”

“मग काढायचा.”

“अन् मग?”

“मग पुढच्या भोकात.”

अण्णांनी बराच वेळ विचार केला. ते हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. “अन् चेंडू शोधायला कुत्रं ठेवतात का?” एवढेच त्यांनी विचारले. मग आणखी विचारले, आणखी विचारले, आणि गंमत म्हणजे योगेशला उत्तरे देताना मजा यायला लागली. जे माहीत नव्हते ते त्याने माहीत नाही म्हणून सांगितले. अण्णांना तेही आवडले. शेवटी ते लहान मुलासारखे म्हणाले, “म्या एकदा घालून बघू का? जेवण होईस्तोवर.”

सुपारीच्या दिवशी व्याह्याला नाही म्हणायचे नसते. लंकाबाईने योगेशकडे नुसते पाहिले. मामाने आत जाऊन आपले जुने कपडे घातले आणि अण्णा बाहेर आले ते आकाशी टीशर्ट, बिस्किटी पँट घालूनच. कापडाने अण्णांच्या पोटालाही नाही म्हटले नाही. ते मांडवात फेऱ्या मारत राहिले, वाकले, उकिडवे बसले, पंगतीत मांडी घालून बसले आणि दर वेळी म्हणाले, “काचत नाय.” रश्श्याची वाटी त्यांनी मुद्दाम काठोकाठ घेतली. योगेशने दुसरीकडे पाहिले.

जेवण झाले तरी कपडे उतरले नाहीत. नांदगावची मंडळी मुक्कामाला थांबली होती. अण्णा बाजेवर आडवे झाले आणि त्याच कपड्यांत घोरायला लागले. झोपलेल्या व्याह्याच्या अंगावरून कपडे कसे काढावेत, याची रीत लंकाबाईलाही माहीत नव्हती. सकाळी मागून घेऊ म्हणून योगेशही तिथेच आडवा झाला.

त्याला जाग आली तेव्हा उजाडले होते आणि अण्णांची बाज रिकामी होती. मंडळी पहाटेच निघून गेली होती. बाजेवर अण्णांचा दुसरा, न घातलेला नेहरू शर्ट आणि पायजमा घडी करून ठेवलेला होता. मामाने चहासुद्धा न घेता फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. अण्णांचा आवाज आनंदाने भरून वाहत होता. ते येवल्याच्या पुढे चहाला थांबले होते. टपरीवरचा एकेक माणूस पोशाखाचे विचारत होता. “भाच्याला सांगा, अशी भेट मला जन्मात कुणी दिली नाय. आमचीबी रीत हाय, घेतलं तसं दिलं. तिथं ठेवलाय, कोरा हाय.”

मामाने योगेशकडे पाहिले. योगेशने हात हलवून राहू द्या म्हटले. दुसरे काय म्हणणार?

आता घरी जाऊन कपडे बदलावेत तर वेळ चुकत होती, आणि साहेब एकवेळ कपडे माफ करतील, उशीर करणार नाहीत, असे कँटीनचे म्हणणे होते. जीन्सवर जावे तर फाटकातूनच परत. योगेशने आरशात न बघता अण्णांचा शर्ट-पायजमा चढवला, खाली आपले बूट घातले, आईला मामाकडेच ठेवले आणि गाडी काढली. उड्डाणपुलावरून जाताना त्याला उजवीकडे त्याची सोसायटी दिसली. नांदगावचे घरभाडे किती असेल, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा तिथे आला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग नियमांची पाटी वाचली. उभी का होईना, कॉलर होती. जीन्स नव्हती. पायजम्याबद्दल पाटी काहीच बोलत नव्हती. त्याने नाइलाजाने आत सोडले.

धवल सर हिरवळीवर उभे होते. त्यांच्या अंगावर आकाशी टीशर्ट आणि बिस्किटी पँट होती. तोच रंग, तीच कडी, तोच चिमुकला खिसा. काल सगळे सुरळीत झाले असते तर दोघे बँडवाल्यांसारखे दिसले असते, हे योगेशच्या लक्षात आले.

“हे काय घातलंय?” साहेबांनी विचारले. आवाजात राग नव्हता. कुतूहल होते.

योगेशने गाडीत तीन खोट्या सबबी जुळवल्या होत्या. त्यातली एकही तोंडातून बाहेर पडेना. शेवटी त्याने खरे सांगायला सुरुवात केली. घडी मोडण्याची रीत सांगितली, मामा सांगितला, चुन्याची डबी सांगितली, अण्णा आणि तांब्या सांगितला. साहेब आधी गालात हसत होते. मोज्याचे कारण ऐकल्यावर ते काठी टेकून खाली बसले. मग त्यांनी बाटलीतले पाणी स्वतःच्या गुडघ्यावर ओतून पाहिले. “खरंच की,” ते म्हणाले. “दोन वर्षं घालतोय, कधी ओतून बघितलं नाही.”

खेळ असा फारसा झालाच नाही. योगेशने मारलेल्या पहिल्या फटक्यात चेंडू जागेवर राहिला आणि हिरवळीचा तुकडा उडाला. दुसऱ्यात तेवढेही झाले नाही. साहेबांचे लक्षच नव्हते. ते अण्णांबद्दल विचारत होते. अण्णा चिडत नाहीत का, तुम्ही कंटाळला नाहीत का, माहीत नाही म्हटल्यावर काय म्हणाले. सैल पायजम्यातून वारा खेळत होता आणि योगेशला वाटू लागले की आपण जिंकलो. साहेब आपल्यावर खूश आहेत. नाशिक पक्के.

“नांदगावचे म्हणालात ना हे अण्णा?” परत येताना साहेबांनी विचारले. “तिकडे ओळखी आहेत तुमच्या?”

“ओळखी काय सर,” योगेश ऐटीत म्हणाला, “कालपासून सोयरे झाले.”

साहेब थांबले. “मी कितीतरी रविवार असा माणूस शोधतोय. तिकडचे शेतकरी कारखान्याच्या जमिनीबद्दल प्रश्न विचारतात आणि आपली माणसं वैतागून परत येतात. रुबाबदार दिसतात सगळे, पण कुणाला धड बोलता येत नाही. त्यांना मी इथेच ठेवलंय, दुसरं काय करणार? नांदगावचा कारखाना तुम्ही सांभाळा. मॅनेजर म्हणून. उद्या सकाळी मला हो-नाही सांगा.”

कँटीनला बाकी सगळे बरोबर कळले होते. फक्त ते उलटे कळले होते.

घरी आल्यावर तेजस्विनीने आधी पायजम्याकडे पाहिले आणि मग सगळे ऐकून घेतले. मॅनेजर हा शब्द तिला बरा वाटला. नांदगाव हा शब्द नाही. रेल्वे आहे, शनिवार-रविवार घरी येता येईल, असेही ती म्हणाली, पण ओढून ताणून म्हणाली. योगेशने तिला सांगितले की, काळजीच करू नकोस, मी उद्या नाही म्हणणार आहे. त्याने कारणेही जुळवून ठेवली. आईचे वय, तुझी नोकरी, फ्लॅटचे हप्ते.

मग त्याच्याकडून एक चूक झाली. त्याने पोचलो म्हणून सांगायला आईला फोन केला आणि बोलता बोलता साहेबांचे बोलणेही सांगून टाकले. लंकाबाईने ते भावाला सांगितले. भावाने आनंदाच्या भरात व्याह्याला सांगितले. अर्ध्या तासात अण्णांचा फोन आला. त्यांनी बाजारपेठेजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, पाण्याची सोय होती. शिवाय त्यांची चार एकर पडीक जमीन होती. ती भाच्याला गोल्फ खेळायला देण्याचा त्यांचा विचार होता.

“भोकं किती लागतात?” त्यांनी विचारले. “बोअरवाला आपला माणूस हाय. त्याला सांगून ठेवतो. एखाद्या भोकाला पाणी लागलं तर चालंल का?”

योगेशने त्यांना मोठ्या मुश्किलीने थांबवले, आभार मानले, फोन ठेवला आणि तेजस्विनीला म्हणाला, “बघ. आत्ताच नाही म्हणायला हवं. नाहीतर हा माणूस तालुका खणून ठेवेल.”

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. यशश्री होती.

“दादा, आत्या सांगती ते खरंय का?” तिने विचारले. “तू येणार हायेस तिकडं?”

योगेशने तोंड उघडले.

“म्या कुणाला बोलले नाय,” ती पुढे म्हणाली. “सगळे खूश व्हते काल. पण रातभर झोप नाय आली मला. मानसं चांगली हायेत, पण तिथं आपलं असं कुणीच नाय. तू असलास तर मला काय वाटायचं नाय बघ.”

तेजस्विनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्याने तोंड मिटले.

“खरंय,” तो म्हणाला. “येतोय मी. तू जेवलीस का?”

त्याने फोन ठेवला.

“तू नाही म्हणणार होतास ना?” तेजस्विनीने विचारले.

“उद्या म्हणणार होतो,” योगेश म्हणाला आणि नांदगावला सकाळची गाडी किती वाजता आहे ते बघायला लागला.